खिशातली साखर

श्रोतेहो, कवीच्या खिशात काय असते? पेन, घडी घातलेला कागद आणि परतीचे तिकीट. माझ्या खिशात आणखी एक पुडी असते, साखरेची. मधुमेह्याच्या खिशात साखर, हे ऐकून पुष्कळांना हसू येते. एकेकाळी मलाही आले असते.

२०१९चा रमजान मे महिन्यात आला होता. सोलापूरचा उन्हाळा आणि चौदा तासांचा रोजा. लहानपणापासून एकही रोजा चुकवला नव्हता, त्याचा मला थोडा गर्वच होता. पहाटे सहरी केली आणि मधुमेहाची नेहमीची गोळी घेतली. ही गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ती आपले काम करतेच. डॉक्टरांना आधी विचारायला हवे होते. पण ते 'रोजा नको' म्हणतील, या भीतीने मी गेलोच नाही.

दुपारी चारच्या सुमारास हात थरथरू लागले. दरदरून घाम फुटला. वाटले, उन्हाने होत असेल. मुलगी म्हणाली, "अब्बा, साखर तपासू या." मी तिच्यावर खेकसलो. विनाकारण चिडणे हेही साखर उतरल्याचे लक्षण असते, हे मला नंतर कळले. मेंदूला साखर कमी पडली, की आपले काही बिघडले आहे हेच माणसाला उमगत नाही.

तिने माझे न ऐकता बोट टोचले. आकडा आला ५२. सत्तरच्या खाली गेला, की धोका सुरू होतो. तिने पाण्यात साखर ढवळून पेला पुढे केला. मी तोंड फिरवले. इफ्तारला तीनच तास उरले होते. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "अब्बा, रोजा पुन्हा ठेवता येईल. तुम्हाला पुन्हा कुठून आणू?"

मी ते पाणी प्यायलो.

उपाय तसा सोपा आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाला साधारण पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून कमी असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. साखर वर आली, की चपाती किंवा बिस्किटे खावीत. चॉकलेट किंवा पेढा नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. संकष्टी, एकादशी, नवरात्र करणाऱ्या मधुमेह्यांनीही उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्यांची वेळ आणि मात्रा त्यांनीच ठरवायची असते.

आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, आणि आजार बरा होणारा नसेल तर एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावे, हे मला तोंडपाठ होते. पण ती सूट इतरांसाठी आहे, असे मी मानत आलो होतो.

पुढच्या रमजानपासून मी रोजे ठेवत नाही. सुरुवातीला दुपारी दार लावून जेवायचो. मोहल्ल्यातले काय म्हणतील? एके दिवशी शेजारच्या वयस्कर चाचांना खरे काय ते सांगून टाकले. ते बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "साखर किती चमचे घ्यायची, ते जरा लिहून देतोस का?"

त्यांच्याही घराचे दार दुपारी लागत असे.

मी लिहून दिले, आणि खिशातली पुडीही दिली.