पिरंगुटला राहायला येताय? मग हे आधी ऐका

आजचा भाग जरा घरगुती आहे. गेल्या आठवड्यात एका श्रोतीनं व्हॉइस नोट पाठवली. "ताई, कोथरूडमध्ये बजेट बसत नाहीये, आम्ही पिरंगुटला टू बीएचके बघतोय. राहण्यासारखं आहे का?" मी उत्तर टाइप करायला बसले आणि पाऊण तास झाला तरी संपेना. म्हटलं, आता ह्यावर बोलूच.

तर आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, 2021 साली मुंबईहून इथे आलो. काळाचौकीची खोली विकली आणि पिरंगुटला फ्लॅट घेतला. मी हिंजवडीला नोकरी करते. आमचं मुंबईतलं आयुष्य म्हणजे खाली उतरलं की वाणी, इस्त्रीवाला, डॉक्टर, सगळं शंभर पावलांत. इथे आलो तेव्हा आमच्या डोक्यात एकच हिशोब होता: पिरंगुट म्हणजे स्वस्तातलं कोथरूड, फक्त थोडं लांब. हा हिशोब साफ चुकला. पिरंगुट हे गाव आहे. आजूबाजूला कंपन्या आहेत, टॉवर उभे राहतायत, पिझ्झा मिळतो, सगळं खरं; पण पाणी, रस्ता, कचरा, जमीन हे सगळं अजून गावाच्या पद्धतीनं चालतं. आणि ती पद्धत कुठल्याही ॲपवर लिहिलेली नाहीये.

आधी पटापट रोजच्या गोष्टी सांगते. रस्ता. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये चांदणी चौकातला जुना पूल पाडला, 2023 च्या ऑगस्टमध्ये नवीन पूल सुरू झाले. आम्हाला वाटलं, सुटलो! चौक सुटला, पण गर्दी पुढे भूगावात येऊन बसली. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी ताम्हिणीहून परतणारी अख्खी जत्रा ह्याच रस्त्यानं येते, त्या वेळी पुण्याला जायचं नावही काढू नका. हिंजवडीवाल्यांनी घोटावडे फाट्यावरून माणमार्गे जायचं, घाट लागतच नाही. लाईट गुरुवारी जाते, दुरुस्तीसाठी. इन्व्हर्टर घ्याच, आणि वर्क फ्रॉम होम असेल तर मॅनेजरला गुरुवारचं गणित आधीच समजावून ठेवा. लाईट बराच वेळ गेली की मोबाईलची रेंजही जाते, कारण टॉवरची बॅटरी संपते. पावसाळ्यात चामड्याच्या बुटांवर बुरशी येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. आणि साप निघतात. घोणस, मण्यार, दोन्ही विषारी. रात्री खाली उतरताना टॉर्च हातात हवाच. साप दिसला तर सर्पमित्राला फोन करायचा. चावला तर दोरी आवळत, मांत्रिक शोधत बसायचं नाही. 108 ला फोन आणि थेट दवाखाना. सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस फुकट मिळते.

झालं. एवढं तुम्हाला कुणीही सांगेल. आता मला जे खरं सांगायचंय ते.

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला एक काका असतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पहिलं वर्षभर मी त्यांना फक्त "तात्या, पार्सल आलंय का?" एवढंच विचारत होते. मग एकदा आई त्यांना चहा द्यायला गेली आणि वर येऊन म्हणाली, "अगं, आपली बिल्डिंग उभी आहे ना, ती त्यांच्या भावकीची जमीन होती." मी खिडकीतून खाली बघितलं. तो माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, आपल्याच खाचरावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहीत होता.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'मुळशी पॅटर्न' बघितला असेल, प्रवीण तरडेंचा, 2018 चा. जमीन विकली, पैसा आला, पैसा गेला, पोरं बिघडली. सिनेमात बंदुका आहेत. इथे बहुतेक ठिकाणी बंदूक नसते, वॉचमनची वही असते. मला त्याच्याकडे बघताना नेहमी थोडं ओशाळल्यासारखं होतं. आम्ही काही त्यांची जमीन लुबाडली नाही, रीतसर कर्ज काढून फ्लॅट घेतलाय, हे मला कळतं. तरीपण.

आता बाबांची गोष्ट. बाबा रिटायर झाले आणि त्यांच्या डोक्यात आलं, दोन गुंठे जागा घ्यायची. भेंडी, वांगी, एक आंब्याचं झाड. आजोबा संगमेश्वरकडचे, गिरणीत कामाला मुंबईला आलेले. त्यामुळे मातीची ओढ घरात होतीच. एक एजंट भेटला. पौडच्या पुढे 'फार्महाऊस प्लॉट', समोर डोंगर, मागे ओढा. बाबांनी आम्हाला न विचारता 51 हजार इसार देऊन टाकला. उरलेले साडेसात लाख पीएफमधून द्यायचे आणि कागद नोटरी करून मिळणार.

बाबा त्या रात्री फाईल हातात घेऊन खुशीत गेटवर उभे होते. तात्यांनी सातबारा मागून घेतला आणि दिव्याखाली धरला. दोन मिनिटं वाचला. मग म्हणाले, "साहेब, ह्यात आमच्या चुलत आत्याचं नाव हाय. तिची सही झालीय का?"

बाबा गप्प. एजंटनं सांगितलं होतं की तीन भाऊ मालक आहेत आणि तिघंही तयार आहेत. सातबाऱ्यावर नावं होती अकरा. त्यातल्या चार बहिणी. बहिणींनी हक्कसोड केली नसेल तर त्यांचा हिस्सा तसाच राहतो, आणि भावांनी परस्पर विकलं तर उद्या त्यांची नातवंडंसुद्धा कोर्टात उभी राहू शकतात. हे तात्यांना कुठल्या वकिलानं नाही शिकवलं. त्यांच्या स्वतःच्या जमिनीत ते झालंय.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बसून सगळं वाचलं. तर ऐका, कारण हे तुमच्या आई-बाबांना कधीतरी लागणारच आहे. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 40 गुंठ्यांचा एकर. असे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकण्यावर 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. त्याच्या नियमांत अलीकडे बरेच बदल झालेत, म्हणून एजंट काय म्हणतो ते सोडा, दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात जाऊन विचारा. नोटरीच्या कागदानं जमीन तुमच्या नावावर होत नाही. नोंदणी झालेलं खरेदीखत लागतं, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन 15 रुपयांत निघतो. तो काढा आणि त्यात 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा: कर्ज, कुळ, वाटेचा वाद, सगळं तिथे दिसतं. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर तिथेच थांबा, सरकारची परवानगी लागेल.

पण मंडळी, हा सगळा कागद मी वाचला असता तरी मला आत्या कळली नसती. अकरा नावांतलं कोण जिवंत आहे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे तात्यांनाच माहीत.

इसार परत घ्यायला तीन महिने लागले. मी फोन करायचे, एजंट उचलायचा नाही. शेवटी एका रविवारी तात्या बाबांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते बाबा अजून नीट सांगत नाहीत. 30 हजार घेऊन आले. 21 गेले.

त्यानंतर बाबा बदलले. आधी त्यांनी आपलं मतदान इथे आणलं. फॉर्म 8 भरायचा, घरबसल्या होतं. तुम्ही म्हणाल त्यानं काय होतं? आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये बोअर आटतो, टँकर येतो, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पंचायतीच्या नावानं शिव्या सुरू होतात. पण ग्रामसभेत बोलायचा हक्क गावच्या मतदाराला. आमच्या 96 फ्लॅटमध्ये गावचे मतदार होते पाच! सगळ्यांची नावं अजून दादर, नाशिक, लातूर. मग पंचायतीनं आमचं का ऐकावं? बाबा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला गेले. पहिल्या वेळी मागे उभे राहिले. दुसऱ्या वेळी, 2 ऑक्टोबरला, कुणीतरी "या पाव्हणं, बसा" म्हणालं. घरपट्टीची पावती दाखवून पाण्याच्या लाईनचा अर्ज दिला. लाईन अजून आली नाहीये, खोटं सांगत नाही. पण अर्जाला नंबर पडलाय आणि सरपंच बाबांना नावानं ओळखतात.

पाण्यावरून एक सांगते. टँकरची वाट बघत आम्ही गेटवर उभे होतो तेव्हा तात्या म्हणाले, त्यांच्या आजीचं माहेर मुळशी धरणाखाली गेलं. 1921 ला सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच. ते पाणी डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याला सोडतात आणि त्यावर 1927 पासून मुंबईसाठी वीज तयार होते. बाबा म्हणाले, "म्हणजे आमच्या वडिलांची गिरणी तुमच्या पाण्यावर चालत असणार." तात्या हसले. "मग आता टँकरचं बिल तुम्हीच भरा."

सध्या काय चाललंय? बाबांना शेतकरी व्हायचंय. संगमेश्वरच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं, पण आजोबा गेल्यावर वारसनोंद कुणी केलीच नव्हती. चाळीत असे कितीतरी जण आहेत. तुमच्याही घरात विचारा. बाबा दोनदा तलाठ्याकडे जाऊन आले, मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, काकांच्या सह्या, सगळं दिलंय.

आणि तोपर्यंत तात्यांचं जे एक खाचर उरलंय, तिथे जुलैत बाबा भातलावणीला गेले होते. इंद्रायणी लावला. पहिल्या दिवशी कंबर धरली आणि अर्ध्या तासात बांधावर बसले. तात्यांच्या वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "पाव्हणं, उद्या नका येऊ, रोपं तुडवताय तुम्ही." बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गेले.

चला, ज्या ताईनं विचारलं तिला माझा नंबर पाठवलाय. फ्लॅट बघायला येशील तेव्हा गुरुवारी ये, लाईट नसताना बघ. आणि बिल्डरच्या ऑफिसात जायच्या आधी गेटवरच्या माणसाशी दहा मिनिटं बोल. भेटू पुढच्या भागात.