आमच्या गावचा पोलीस



वर्धापनोत्सवाच्या या व्यासपीठावरून आजवर वेदान्तावर, संतचरित्रांवर, क्वचित शिक्षणावर व्याख्याने झाली. या खेपेस पोलिसांविषयी गौरवाचे चार शब्द बोलावेत, असे व्यवस्थापकांनी मला सुचविले. गौरवाचे शब्द स्वस्त असतात. आणि बेळगावच्या मराठी माणसाने ते पोलिसांविषयी काढावेत, यात थोडी अडचणही आहे. 1986 सालच्या आंदोलनातील गोळीबार ज्यांच्या स्मरणात आहे अशी माणसे या मंडपात बसली आहेत. मीही त्यांतलाच एक. ते विसरून मी बोलत नाही. आज्ञा देणारे शासन आणि ती पाळणारा शिपाई यांचे हिशेब निरनिराळे मांडावेत की नाही, हा प्रश्न मला अद्याप सुटलेला नाही. परंतु माझ्या घरावर एक जुने ऋण आहे. ते या मंडपात सांगावे असे वाटले, म्हणून उभा राहिलो.

1979 सालची आषाढी. माझे चुलते दरवर्षी दिंडीबरोबर पायी पंढरीस जात. वय सत्तरीपुढे गेलेले, दृष्टी मंद झालेली. पण वारी चुकवायची नाही हा हट्ट. त्या वर्षी दिंडी परत आली, काका आले नाहीत. पहाटे मुक्कामावरून बाहेर पडले ते पुन्हा दिसलेच नाहीत, एवढेच सोबतचे लोक सांगत. आम्ही तारा केल्या, माणसे धाडली, पंढरपुरातील धर्मशाळा पालथ्या घातल्या. महिना उलटला. काकू रोज संध्याकाळी दोन पाने वाढून बसत.

मग एके दुपारी आमच्या दारात एक हवालदार येऊन उभा राहिला. कन्नड मुलखातला माणूस. मराठी अगदी मोडके. त्याच्या हातातील पाकिटात कोपरीच्या गळ्याचा कापलेला तुकडा होता. त्यावर शिंप्याची कापडी चिठी. धुऊन धुऊन अक्षरे गेलेली, ‘शहापूर’ तेवढे वाचता येत होते. सोलापूर जिल्ह्यातील एका ठाण्याने तो तुकडा टपालाने इकडे पाठविला होता आणि सोबतच्या पत्रात लिहिले होते, की कोपरीला आतून पोथी मावेल असा खिसा आहे. एवढ्या खुणेवर हा गृहस्थ तीन दिवस शहापुरातील शिंप्यांच्या पायऱ्या झिजवीत होता. अखेर एका म्हाताऱ्या शिंप्याला हरिपाठासाठी आतून खिसा शिवून घेणारे गिऱ्हाईक आठवले. दारात आल्यावर त्याने प्रथम डोक्यावरची टोपी काढली. ती काढताच आम्हाला सर्व समजले.

अनोळखी प्रेत सापडले म्हणजे पोलिसाने पंचनामा करावा, मरणाचे कारण शोधावे, अशी कायद्याची आज्ञा आहे. त्या वेळी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे 174 वे कलम होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 194 वे झाले आहे. कलम बदलले, काम तेच आहे. परंतु कलमाच्या अक्षरांत जे नाही ते आम्हाला त्या ठाण्यात गेल्यावर पाहावयास मिळाले. काका ओढ्याकाठी मृत्यू पावलेले आढळले होते. बेवारस देह पुरून टाकणे सोपे पडते, खर्चही कमी. तेथील शिपायाने गळ्यातील तुळशीची माळ पाहिली आणि हा वारकरी आहे, याला अग्नीच दिला पाहिजे, असे ठरविले. लाकडांना सरकारी पैसे पुरेनात, तेव्हा उरलेले त्याने स्वतःचे घातले. अस्थी मडक्यात भरून, तोंडाला फडके बांधून, ते मडके त्याने ठाण्यामागील चिंचेला टांगले होते. रोज सकाळी जाऊन ते जागेवर आहे ना हे तो पाहत असे, असे तेथील दुसऱ्या शिपायाने सांगितले. आम्ही लाकडांचे पैसे देऊ लागलो. त्याने ते घेतले नाहीत.

आणि गंमत म्हणा, लाज म्हणा, आम्ही त्याचे नाव विचारले नाही. शहापूर पालथे घालणाऱ्या त्या हवालदाराचेही विचारले नाही. दुःखात राहून गेले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे कारण निराळे आहे. खाकी कपड्यातील माणसाला नाव असते, हेच आमच्या ध्यानात आले नाही.

ज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत ती मरणानंतर झालेली. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखात हॉट स्प्रिंग्स येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले 10 पोलीस पडले. त्या तिथीस देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. सातारा जिल्ह्यातील तुकाराम ओंबळे 2008 सालच्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर केवळ लाठीनिशी पुढे झाले, बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या; त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. यांना नमस्कार करावा तितका थोडा. पण चिंचेला टांगलेल्या मडक्याला पदक नाही, आणि बहुतेक पोलिसांचा जन्म असल्याच कामात जातो.

शिवाय तो थकलेला असतो. बारा तास, कधी अधिक. सण आपला, पहारा त्याचा. मुंबईत 2016 साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा ती मोठी बातमी झाली! गिरणीतल्या कामगाराला जे कायद्याने पूर्वीच मिळाले, ते पोलिसाच्या बाबतीत बातमी होते. हे आपल्याला विचित्र वाटत नाही, हेच मला विचित्र वाटते. चुकार पोलीस नाहीत असे नव्हे. पैसे खाणारे आहेत, गरिबाला उर्मटपणे हाकलणारेही आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार अवश्य करावी. मात्र जो चांगला निघतो त्याच्याविषयी त्याच्या वरिष्ठांना दोन ओळी लिहाव्यात, हे आपल्याला कधी सुचत नाही. मलाही सुचले नाही.

आज पहाटे पालखी निघण्यापूर्वी मी महाद्वारापाशी आलो, तेव्हा तेथे सात शिपाई उभे होते. त्यांत दोन मुली. मी प्रत्येकाचे नाव विचारून वहीत लिहून घेतले आहे. आता मध्यान्ह होत आली तरी ते तेथेच आहेत. व्यवस्थापकांना माझी विनंती आहे, की पहिली पंगत बसेल तेव्हा त्यांतील निम्म्यांना आत बोलवावे, आणि ते जेवून उठल्यावर उरलेल्यांना. तोवर द्वारापाशी आपले चार स्वयंसेवक उभे राहतील. वाढायला मी आहे.