वाट कोणी कोणाला द्यायची?



विद्यार्थ्यांनो, तुमच्या नाचातला तारपा अजून कानात घुमतोय. विषय मात्र तुम्हीच दिलाय, वाढवण बंदराचा, तेव्हा त्यावरच बोलतो.

माझी नोकरी बंदरातल्या पायलटची. बाहेर आलेल्या जहाजापर्यंत लाँचने जायचं, लाँच लाटेवर वर उचलली गेली की त्याच क्षणी चालत्या जहाजाच्या दोरशिडीवर पाय टाकायचा, वर चढायचं आणि जहाज धक्क्यापर्यंत आणायचं. रात्री सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती पुढ्यात दिसणाऱ्या एखाद्या होडीच्या मिणमिणत्या दिव्याची. एवढं अवजड जहाज, इंजिन उलटं फिरवलं तरी बरंच अंतर पुढे जातंच. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम असा, की अरुंद जलमार्गात मासेमारी करणाऱ्या होडीने जहाजाची वाट अडवू नये. नियम योग्यच आहे. पण तो जलमार्ग कुठून न्यायचा हे ठरतं, तेव्हा त्या होडीतल्या तांडेलाला कोणी विचारतं का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 रोजी या बंदराला मंजुरी दिली. खर्च सुमारे 76 हजार कोटी. 74 टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा, 26 टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. टर्मिनल खासगी कंपन्या चालवतील, पण मालकी सरकारी, म्हणजे तुमची-आमची. वाढवणला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर जवळपास 20 मीटर नैसर्गिक खोली आहे. आपला बराच माल कोलंबो, सिंगापूरला जहाज बदलतो, त्यात दिवस आणि भाडं दोन्ही जातं. सर्वांत मोठी जहाजं थेट इथे लागली, तर कारखानदाराला आणि निर्यातदाराला खरोखर फायदा आहे, हे मी मनापासून मानतो. 9 कंटेनर टर्मिनल, शिवाय द्रवमालाचे, वाहनं थेट जहाजात चढवणाऱ्या रो-रोचे, तटरक्षक दलाचे धक्के, असा आराखडा आहे.

आता किनाऱ्यावरच्या माणसांकडे येऊ. वाढवण ज्या डहाणू तालुक्यात आहे, तो 20 जून 1991 ला पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. त्यावर देखरेखीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, 1998 मध्ये, याच वाढवणच्या बंदराला नकार मिळाला. त्याच प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी अटी घालून परवानगी दिली. मधली पंचवीस वर्षं इथल्या लोकांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्यांना विकासाचे शत्रू म्हणणं मला मान्य नाही. जवळपास 1,448 हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. ओहोटीला खडकांवर कालवं काढणाऱ्या बाईकडे सातबारा नसतो. जमीन गेलेल्याची मोजणी होते, तिच्या खडकाची कोण करणार? चिंचणी-वरोर पट्ट्यातल्या घरोघरच्या डायमेकिंगचं, म्हणजे साचे घडवण्याच्या कामाचं काय? आणि घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण थंड कंटेनर भरायची सोय इथेच झाली नाही, तर शेजारच्या बंदरातून परक्यांचा माल जाईल आणि आपला चिकू ट्रकमध्येच राहील.

तलासरीच्या मुलांना वाटेल, समुद्र आपल्यापासून लांब आहे. वरोरपासून तव्यापर्यंत 32 किलोमीटरचा रस्ता बंदरासाठीच येतोय, तो शेतांमधूनच जाणार. आणि 1945 मध्ये चळवळीच्या नेत्या गोदावरी परुळेकरांबरोबर वेठबिगारी मोडून काढणाऱ्या वारल्यांची तुम्ही नातवंडं-पतवंडं आहात. आपल्या हक्काचा कागद दुसऱ्याने वाचून दाखवेपर्यंत थांबू नका.

म्हणून एक मागणी या व्यासपीठावरून करतो. पर्यावरण मंजुरीच्या अटींचं पालन कसं झालं, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. प्राचार्य साहेब, तो प्रत्येक अहवाल छापून ग्रंथालयात ठेवावा. भूगोल आणि विज्ञानाच्या मुलांनी त्याचं मराठीत सार काढून वाढवणच्या, वरोरच्या, धाकटी डहाणूच्या ग्रामपंचायतीत वाचून दाखवावं. सार काढताना जहाजांचे, खोलीचे, गाळाचे शब्द अडले, तर समजवायला मी येईन. पहिला अहवाल जे घेणार असतील, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं.