रॅकून सिटीच्या पोरी

मागच्या खेपेला आम्ही शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो होतो. आजचा विषय ऐकून हसू नका. आज आम्ही कॉम्प्युटरवरच्या एका भीतीच्या खेळातल्या बायकांबद्दल बोलणार आहोत.

झालं असं, की आमच्या गटातल्या एकीची मुलगी तालुक्याला कॉलेजात जाते. रात्री दिवा मालवून ती चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर हा खेळ खेळत बसायची. आई बैठकीत म्हणाली, "नुसती मढी आणि किंकाळ्या. पोरगी हातची चालली." तिला समजावायला आम्ही चौघीजणी गेलो आणि रात्री साडेअकराला घरी परतलो. आमच्या घरच्यांनी काय विचारलं ते सोडून द्या.

खेळाचं नाव रेझिडेंट इव्हिल. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९६ साली पहिला भाग काढला. जपानात त्याला बायोहॅझर्ड म्हणतात. गोष्ट मात्र अमेरिकेतल्या रॅकून सिटी नावाच्या शहराची. हे शहर नकाशावर शोधू नका, ते मनानं रचलेलं आहे. तिथं अंब्रेला नावाची औषधांची कंपनी असते. बाहेर औषधं विकते आणि आत चोरून लढाईसाठी रोगाचे विषाणू तयार करते. तो रोग बाहेर सुटतो आणि मेलेली माणसं उठून जित्यांना चावायला लागतात. त्यांना म्हणतात झोंबी.

पहिल्याच भागात जिल व्हॅलेंटाइन आहे. ती पोलिसांच्या खास पथकातली. पथक जंगलातल्या एका मोठ्या वाड्यात अडकतं. खेळायला जिल घ्यायची की ख्रिस नावाचा गडी, हे आपण ठरवायचं. जिलला कुलूप उघडायची कला येते. ख्रिसच्या जवळ सहा वस्तू मावतात, जिलच्या जवळ आठ. हे ऐकून आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, "मावणारच. बाईची पिशवी आहे ती." वाड्यात एक पियानो आहे. तो वाजवल्याशिवाय पुढची वाट उघडत नाही. जिल बसते आणि वाजवते. ख्रिसला वाजवता येत नाही, त्याच्यासाठी रिबेका नावाच्या पोरीला सराव करावा लागतो. ही रिबेका पथकातली औषधपाणी करणारी, वय अवघं १८.

आम्हाला गुंतवलं ते मात्र हिशोबानं. या खेळात गोळ्या कमी असतात. समोर झोंबी दिसला की झाडायच्या नाहीत. मारायचा, की वळसा घालून निघायचं, हे ठरवायचं. हिरवा पाला जखमेवर चालतो. लाल पाला एकटा काही कामाचा नाही, पण हिरव्यात मिसळला की जखम पूर्ण भरून येते. पहिल्या भागात खेळ राखून ठेवायचा तर टंकयंत्राला शाईची फीत लागते, आणि फितीही मोजक्याच. जवळ जागा नसेल तर वस्तू पेटीत ठेवून यायच्या. काय बरोबर घ्यायचं, काय मागं ठेवायचं. महिनाअखेरीला डबे हलवून बघणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. दहाव्या मिनिटाला आम्ही त्या पोरीला सांगत होतो, "अगं, ती गोळी वाचव!"

आमची खरी लाडकी क्लेअर रेडफिल्ड. ती १९९८ च्या दुसऱ्या भागात येते. २०१९ मध्ये तो भाग नव्यानं केला, मुलगी तोच खेळते. क्लेअर ही ख्रिसची बहीण, कॉलेजातली १९ वर्षांची पोरगी. ना पोलीस, ना शिपाई. भावाचा पत्ता लागत नाही म्हणून मोटारसायकलवर त्याला शोधायला येते आणि शहरभर प्रेतं चालत असतात. भाऊ काही तिथं सापडत नाही. सापडते शेरी, १२ वर्षांची. तिचे आईबाप त्याच कंपनीचे शास्त्रज्ञ, प्रयोगांपुढे लेकीकडे बघायला वेळ नसलेले. बापानं तर तो विषाणू स्वतःलाच टोचून घेतलाय. क्लेअरचं शेरीशी काही नातं नाही. तरी ती तिला सोडत नाही. शेरीला लागण होते तेव्हा लस शोधून आणते. नव्या भागात थोडा वेळ शेरी होऊनही खेळावं लागतं. तिच्या हाती काहीच हत्यार नाही. वाकायचं, लपायचं, श्वास धरायचा. ते चालू असताना खोलीत कुणी बोललं नाही.

आई न राहवून म्हणाली, "जिल एवढी शिकलेली, तयार. तू हीच का घेतेस?"

"हिला कुणी काही शिकवलेलं नाही," पोरगी म्हणाली. "तरी जाते."

या भागात एक उंच, टोपीवाला राक्षस आहे. गोळ्यांनी मरत नाही, नुसता गुडघ्यावर बसतो, परत उठतो. पोलीस ठाण्यात त्याच्या बुटांचा थपथप आवाज येत राहतो. मुलगी थांबायची, कान द्यायची, आणि म्हणायची, "वर आहे. मी या दारानं जाते." आईनं विचारलं, "इतकं कुठून येतं गं तुला?" ती सहज बोलून गेली, "थांब्यापासून घरी येताना रोज असंच ऐकते मी."

इथं तुम्हाला सांगायला हवं. शेवटची एसटी साडेसातला येते. थांब्यापासून घर दीड किलोमीटर आणि रस्त्याला दिवे नाहीत. याच कारणानं तिचं कॉलेज बंद करायचं घरात चाललं होतं. आम्हाला ठाऊक होतं, आणि आमच्यातल्या दोघींनी त्याला मानही डोलावली होती.

खेळात सगळंच गोड आहे असं नाही. १९९९ च्या तिसऱ्या भागात शहर पेटलंय, मागं राक्षस लागलाय आणि जिलच्या अंगात तोकडा स्कर्ट. २०२० मध्ये नव्यानं केला तेव्हा तिला पँट दिली. बनवणाऱ्यांना तेवढं सुचायला २१ वर्षं लागली. लाल कपड्यातली एडा वाँग ही हेर. तिच्यावरून आमच्यात अजून एकमत नाही. काकूंना ती आवडते. मोइरा बर्टन मात्र सगळ्यांना पटली. २०१५ च्या एका भागात ती क्लेअरबरोबर असते. लहानपणी तिच्या हातून चुकून बहिणीला गोळी लागली, म्हणून बंदूक धरत नाही. एका हातात बॅटरी, एका हातात पहार. बॅटरीनं समोरच्याचे डोळे दिपवते.

आणि हो, हा खेळ लहान मुलांसाठी नाही. अमेरिकेत त्यावर १७ वर्षं आणि पुढच्यांसाठी असा शिक्का असतो. घरात बारकी पोरं असतील तर स्क्रीन त्यांच्याकडे नको.

त्यानंतर आम्ही पंचायतीत अर्ज दिला, तीनदा गेलो. थांब्यापासून ओढ्यापर्यंत दोन दिवे लागले, ओढ्याच्या पुढं अजून अंधारच आहे. मुलीचं कॉलेज चालू आहे. साडेसातला आमच्यातली एक पाळीपाळीनं बॅटरी घेऊन थांब्यावर जाते. बॅटरी गटाच्या पैशातून घेतली, १८० रुपये, हिशोबाच्या वहीत लिहिलंय.

शनिवारी रात्री काकू स्वतः क्लेअर घेऊन बसतात. पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर अडकल्यात. बाहेर बूट वाजतायत, बंदुकीत तीन गोळ्या, हिरवा पाला एक. दार उघडू का, म्हणून आम्हाला विचारतात, आणि आम्ही म्हणतो, थांबा काकू, आधी ऐका.