उघडा फोन, बंद फोन आणि आपली भाषा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे मोबाइलवर व्याख्यान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण या विषयाचा अनुभव आपल्याला पुण्या-मुंबईच्या लोकांपेक्षा जास्त आहे. भालकीहून उदगीरला किंवा बसवकल्याणहून उमरग्याला लेकीकडे निघालं, की वाटेतच फोनवर ‘रोमिंग’ झळकायचं आणि आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. नातं एकच, पण आपण कर्नाटक सर्कलमध्ये, लेक महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि जहीराबादला गेलं तर तिसरंच सर्कल! ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलचा नंबर दुसऱ्या सर्कलमध्ये नेता येऊ लागला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं ते रोमिंगचे पैसे नाहीत असं सांगतच आलं, आणि बाकीच्यांनाही तोच रस्ता धरावा लागला. यातली पहिली गोष्ट नियमाने झाली, दुसरी स्पर्धेने. एवढं ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

आता उघडा फोन आणि बंद फोन म्हणजे काय? आपला बिदरचा किल्ला आठवा. तीन पदरी खंदक, शरझा दरवाजा, मग गुंबद दरवाजा. आत सगळं राखलेलं, पण कोणाला आत घ्यायचं ते किल्लेदार ठरवणार. अॅपलचा आयफोन हा असा किल्ला. यंत्र त्यांचं, आतली प्रणाली त्यांची, अॅप घ्यायचं तेही त्यांच्याच दुकानातून. अँड्रॉइड म्हणजे आठवडी बाजार. मूळ प्रणाली गूगलने खुली ठेवली. कोणत्याही कंपनीने घ्यावी आणि आपल्या फोनात घालावी. म्हणून स्वस्तातला फोनही अँड्रॉइड आणि लाखाचाही अँड्रॉइड. बाजार म्हटला की खिसेकापूही आले, हे कबूल.

पण मराठीला या बाजाराने जे दिलं ते मोठं आहे. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक आडबाजूची सेटिंग होती. ती चालू केली की मराठी अक्षरं चित्रासारखी उमटत, आणि तेवढ्यावर लोक मराठी वर्तमानपत्रं वाचत. लिहिणं तर दूरच. मग २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक तयार करून मोफत दिला. ‘क’वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु यांचं चक्र उमटतं, बोट सरकवून हवं ते घ्यायचं. ज्याला बाराखडी येते त्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. त्याची कन्नड आवृत्तीही निघाली. क-ख-ग-घ हा क्रम दोन्ही भाषांत एकच, हे आपल्याला सांगायला नको. आपली नातवंडं कन्नड नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. आजीला मराठीत दोन ओळी लिहून पाठवण्याची सवय कुठे लागलीच, तर ती याच काचेवर लागते.

अँड्रॉइडवर फोनचा कळफलक कोणालाही बदलता येत होता, म्हणून हे जमलं. आयफोनवर बाहेरच्या माणसाने बनवलेला कळफलक बसवायला परवानगीच नव्हती. ती सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आली. तोवर कितीही गुणी कळफलक असो, त्याचा मुक्काम खंदकाबाहेर.

मग उघडं तेच चांगलं म्हणायचं का? तसं म्हणावं तर बंगळूरचा सिम्प्युटर आडवा येतो. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीने मिळून गरिबांसाठी हातात मावणारा संगणक आखला. आत लिनक्स, पडद्यावर भारतीय भाषा, आणि गावात एकच यंत्र अनेकांनी वापरावं म्हणून प्रत्येकाला स्मार्ट कार्ड. यंत्राचा आराखडाही खुला ठेवला होता. आयफोन यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! कर्नाटक सरकारने जमीन-नोंदींच्या कामात तो वापरलाही. पण २००४ मध्ये ‘अमिडा’ नावाने तो दुकानात आला तेव्हा किंमत दहा हजारांच्या घरात, आणि साधे मोबाइल भराभर स्वस्त होत होते. काही हजार नग खपले आणि संपलं. दार सताड उघडं होतं, पण आत यायला गिऱ्हाईक नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. मोझिला या ना-नफा संस्थेने ‘फायरफॉक्स ओएस’ ही पूर्ण खुली प्रणाली काढली. ऑगस्ट २०१४ मध्ये तिच्यावरचा इंटेक्सचा फोन आपल्याकडे १,९९९ रुपयांना मिळू लागला. चालला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला. पण खुला कोड कोणीही उचलावा. त्यातूनच ‘काइओएस’ झाली, आणि ती बसली कुठे? जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमध्ये! १,५०० रुपये अनामत, बटणांचा फोन, इंटरनेट आणि व्हिडिओसकट; पण दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर चालत नाही. बियाणं खुलं आणि पीक कुंपणात. व्हॉट्सअॅप त्यावर यायला २०१८ चा सप्टेंबर उजाडला. तोवर फोनच्या मालकाच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. तरीही मी जिओफोनला नावं ठेवणार नाही. ज्यांना टचस्क्रीन परवडत नव्हता, त्यांच्या हातात या बंद फोनने इंटरनेट दिलं. खुल्या सिम्प्युटरला ते साधलं नाही.

राहिला आठवडी बाजार. त्यालाही ठेकेदार आहे, हे आपल्या लक्षात उशिरा आलं. अँड्रॉइड फुकट, पण गिऱ्हाइकाला लागणारं प्ले स्टोअर फोनात हवं असेल तर गूगलची बाकीची अॅपही ठेवा, शोधपट्टी पहिल्याच पानावर लावा, अशा कंपन्यांशी केलेल्या करारांच्या अटी. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याबद्दल १,३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. त्याआधी जानेवारीतच गूगलने काही अटी सैल करण्याचं जाहीर केलं होतं. रोमिंग स्पर्धेने गेलं. ही गाठ मात्र स्पर्धेने सुटली नाही, नियमाने सुटली, आणि तीही अर्धीच.

म्हणून दुकानात ‘उघडा की बंद’ असं विचारू नका. एकेका दाराचं विचारा. सिम बदलता येतं का? कळफलक बदलता येतो का? अॅप दुसरीकडून घेता येतं का? उद्या फोन बदलला तर फोटो आणि नंबर सहज निघतात का? ज्याला मराठी लिहायचं आहे त्याने कळफलकाचं आधी पाहावं. ज्याला फसवणुकीची धास्ती आहे त्याला किल्ला बरा वाटला तर त्यातही गैर नाही.

आरतीला अजून अर्धा तास आहे. ज्यांना आपल्या फोनवर मराठी आणि कन्नड दोन्ही कळफलक लावून हवे असतील, त्यांनी मागच्या खोलीत यावं. फोन चार्ज केलेला असेल तर बरं.