शेगडीचे छिद्र

शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळूरशी मराठी माणसाचे नाते जडले. त्या नात्याला २०१३ साली एका पोलादी नळाची जोड मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून निघून, सह्याद्री ओलांडून, बेळगाव-धारवाडकडून बंगळूरनजीकच्या बिडदीपर्यंत जाणारा सुमारे हजार किलोमीटरचा वायुमार्ग त्या वर्षी राष्ट्राला अर्पण झाला. पुढे शहरातील अनेक घरांत नळाने वायू येऊ लागला. सिलिंडरची विवंचना मिटली. पण एक नवा प्रश्न उभा राहिला. शेगडी तीच, वायू मात्र निराळा. मग तिच्यात नॉझल कोणते बसवावे?

नॉझल म्हणजे पितळेचा एक लहानसा तुकडा आणि त्याच्या मधोमध सुईने पाडावे तसे छिद्र. वस्तू क्षुल्लक, पण शेगडीचा सारा कारभार तिच्या हाती. या छिद्रातून वेगाने सुटणारा वायू पुढच्या नळीत शिरताना भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. दोहोंचे प्रमाण जुळले की ज्योत निळी आणि स्थिर राहते. हवा कमी पडली की ती पिवळी होते, भांड्याला काजळी धरते, आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणूनच तो अधिक घातक.

सिलिंडरमधील वायू प्रोपेन आणि ब्युटेन यांचा. तो हवेहून जड असतो. नळाचा वायू मुख्यतः मिथेन. तो हवेहून हलका. सारख्याच आकारमानाचे दोन्ही वायू जाळले, तर सिलिंडरच्या वायूपासून जवळजवळ तिप्पट उष्णता मिळते. शिवाय सिलिंडरचा वायू शेगडीत सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो, नळाचा सुमारे २१ मिलिबारने. घनतेचा फरकही जमेस धरून हिशेब मांडला, म्हणजे तेवढ्याच आचेसाठी नळाच्या वायूला सुमारे दुप्पट क्षेत्रफळाचे, म्हणजेच सुमारे १.४ पट व्यासाचे छिद्र लागते असे दिसून येते.

हा हिशेब उलटा झाला तर काय होते, याचा अनुभव बंगळूरमधील एका मराठी कुटुंबाला आला. नळाच्या वायूचे घर सोडून ते दुसऱ्या भाड्याच्या घरी गेले. तेथे सिलिंडरच होता. मुलाने जुनी शेगडी तशीच जोडली. ज्योत हातभर उसळली, पिवळी पडली. दोन दिवसांत पातेली काळी झाली. मुलगा म्हणाला, "नव्या सिलिंडरचा जोर आहे." वृद्ध आईने मात्र मुकाट्याने बटण बंद केले आणि खिडक्या उघडल्या. "अरे, हा जोर नव्हे," ती म्हणाली, "स्टोव्हच्या निपलात पिन घालून घालून भोक मोठं झालं की अश्शीच ज्योत व्हायची." तंत्रज्ञाने शेगडी उघडली, तेव्हा आत नळाच्या वायूचीच नॉझले निघाली. आईला मिलिबार ठाऊक नव्हते. पण ज्योतीची भाषा तिने रॉकेलच्या स्टोव्हपाशी वर्षानुवर्षे वाचली होती.

म्हणून नॉझल निवडताना प्रथम वायू कोणता, ते पाहावे. मग शेगडीची बनावट आणि बर्नरचा आकार. लहान व मोठ्या बर्नरची नॉझले वेगळी असतात आणि त्यांवर बहुधा आकडा कोरलेला असतो. जुनेच छिद्र सुईने वा ड्रिलने मोठे करण्याचा मोह टाळावा. ते वेडेवाकडे झाले की वायूची धार सरळ राहत नाही. बदल अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी ओढून कधीही नव्हे. नळाचा वायू गळला तर वर चढतो, म्हणून छताजवळचा झरोका बुजवू नये. काढलेली नॉझले चिठ्ठी लावून जपून ठेवावीत. बिऱ्हाड हलले की त्यांची आठवण हवी.

समुद्रकाठचा वायू हजार किलोमीटर दूर आणून देणे हे राष्ट्राचे काम झाले. त्याची अखेरची वाट मात्र केसभर रुंदीची आहे, आणि तिची राखण ज्याच्या त्याच्या घरानेच करावयाची आहे.