भिंत रिकामी होण्याआधी

गणपतीच्या तयारीची गडबड सगळ्यांकडे सुरू असेल. मखर, मोदकाचे साचे, आरतीला कोण कोण येणार याची यादी. त्यातून दहा मिनिटं काढून रेडिओ लावलात, त्याबद्दल आभार.

आज बोलायचं आहे ते आपल्या सगळ्यांच्या गावात असलेल्या, पण आपण सहसा पाय न ठेवणाऱ्या एका जागेबद्दल. ती जागा म्हणजे कॉलेजची आर्ट गॅलरी. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांमध्ये अशी एखादी खोली असते. बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं आणि आत जायला विद्यार्थी असावं लागत नाही. आपण मुलांना त्याच आवारात पोहायला सोडतो, गणिताच्या स्पर्धेला नेतो, कधी दिवाळीचा कार्यक्रमही तिथल्याच सभागृहात करतो. गॅलरीच्या दारावरून मात्र थेट पार्किंगकडे जातो. मीही अनेक वर्षं तसाच गेलो.

मग माझ्या मुलीच्या कॉलेजात एक प्रसंग घडला. ती शिकत होती जीवशास्त्र. शेवटच्या वर्षी तिने छापचित्रांचा, म्हणजे प्रिंटमेकिंगचा वर्ग घेतला. मला वाटलं, विरंगुळा असेल. त्याच सुमारास आमच्या घरातला पोळपाट हरवला. माझ्या आईने साताऱ्याहून बॅगेत घालून आणलेला, मधोमध चीर गेलेला जुना पोळपाट. बायकोने सगळी कपाटं पालथी घातली.

एप्रिलमध्ये मुलीचा फोन आला. "बाबा, आमचं प्रदर्शन लागलंय. दोन आठवडे आहे. जमलं तर या." मी म्हटलं, येतो की. पहिल्या शनिवारी टॅक्सचे कागद राहिले होते. दुसऱ्या शनिवारी एका मित्राकडे मुंज होती. तिसऱ्या शनिवारी अडीच तास गाडी चालवून आम्ही पोचलो, तेव्हा भिंती पांढऱ्याफेक होत्या. एक विद्यार्थी शिडीवर चढून खिळ्यांची भोकं पुटीने बुजवत होता.

मुलगी म्हणाली, "असू दे बाबा, होतं असं." मग तिने फोनवर फोटो दाखवला. आमचा पोळपाट! त्यावर शाई लावून कागद दाबला होता. लाकडाच्या रेषा, मधली चीर, आईच्या लाटण्याने झिजलेला भाग, सगळं कागदावर उमटलं होतं. ते चित्र आज आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी आहे. पण त्या भिंतीवर, त्या दिव्याखाली, अनोळखी माणसं थांबून ते बघताहेत आणि शेजारी माझी मुलगी उभी आहे, हे मी पाहिलं नाही. तिला ते दाखवायचं होतं.

तेव्हा मला राग आला होता. एवढी घाई कशाला, महिनाभर ठेवलं तर काय बिघडलं? नंतर समजलं की या गॅलऱ्यांचं वर्षच तसं आखलेलं असतं. ऑगस्टच्या अखेरीपासून पहिलं प्रदर्शन, बहुतेकदा बाहेरच्या एखाद्या चित्रकाराचं. मग कुठे प्राध्यापकांचं, कुठे संग्रहातल्या निवडक कामांचं. एप्रिल-मेमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांचं. उन्हाळ्यात अनेक ठिकाणी दार बंद.

दुसरं कारण उजेडाचं. कागद, जलरंग, कापड यांचा रंग प्रकाशाने उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशी कामं साधारण ५० लक्स इतक्या मंद उजेडात, काही महिनेच लावतात आणि मग अंधारात विश्रांतीला ठेवतात. आजीची पैठणी आपण उन्हात वाळत घालत नाही, तसंच हे.

आणि या भिंतींवर आपलीही माणसं असतात बरं का. न्यूयॉर्क विद्यापीठाला ॲबी वीड ग्रे या बाईंनी १९७४ मध्ये आपला संग्रह दिला आणि पुढच्या वर्षी तिथे ग्रे आर्ट गॅलरी उघडली. त्या संग्रहात पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन आहेत आणि 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक लिहिणारे प्रभाकर बरवेही आहेत. २०१९ मध्ये त्यातली इराणी, तुर्की आणि भारतीय चित्रं तिथे लागली, मग २०२० मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेली. तिथल्या किती मराठी घरांना ते कळलं असेल?

ओबर्लिन कॉलेजात तर आणखी गंमत. १९४० पासून तिथले विद्यार्थी संग्रहालयातली खरीखुरी चित्रं नाममात्र भाड्याने स्वतःच्या खोलीत नेऊन लावतात. त्यासाठी आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात!

तर एवढंच करा. जवळच्या कॉलेजच्या गॅलरीचं वेळापत्रक आजच बघा आणि तारखा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहा. उद्घाटनाची तारीख लिहाच, पण शेवटची तारीख लाल शाईने. भारतातून आईवडील आले असतील तर त्यांना न्या, मॉलपेक्षा तिथे बसायला बरं असतं. चित्र कळलं नाही तर टेबलाशी बसलेल्या विद्यार्थ्याला विचारा, तो आनंदाने सांगेल. एखादं काम आवडलं आणि ते आता भिंतीवर नसेल, तर आधी वेळ ठरवून ते बघता येईल का, हेही विचारा. अनेक ठिकाणी तशी सोय असते.

आणि आपलं मूल कधी म्हणालं, "जमलं तर या", तर त्यातला 'जमलं तर' सोडून द्या.

गणपतीचं दर्शन आपण पुढच्या महिन्यावर कधी ढकलतो का? दहा दिवस म्हणजे दहा दिवस, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच नियम इथेही लावा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार, आणि गणपती बाप्पा मोरया!